मदत हवी आहे: फिलाडेल्फियाला उतरलेल्या जर्मन पूर्वजाचं मूळ गाव

नवऱ्याचे पूर्वज १७४९ साली रॉटरडॅमहून जहाजाने फिलाडेल्फियाला आले आणि पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत स्थायिक झाले. आडनाव म्युलर, पुढे मिलर झालं. १७२७ पासून तिथे उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेत, त्या यादीत त्यांची सही आहे. पण यादीत गाव नाही, बायका-मुलांची नावंही नाहीत.

लँकेस्टरच्या लुथरन चर्चमधल्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, मृत्युपत्र आणि जमिनीचे कागद पाहून झाले. कुठेही गाव नाही. डीएनए जुळणारे सगळे अमेरिकेतलेच निघाले. घरात ते पॅलाटिनेटचे (नैऋत्य जर्मनीतला एक प्रदेश) असं सांगतात, पण त्या काळी अमेरिकेत येणाऱ्या सगळ्याच जर्मनांना सरसकट पॅलाटाइन म्हणत, त्यामुळे त्यावर मी फार विसंबत नाही. जर्मनीतल्या चर्चच्या नोंदवह्या ऑनलाइन आहेत, मात्र गाव कळल्याशिवाय म्युलर शोधणं अशक्य आहे. त्या नोंदींची कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी मला थोडी वाचता येते. जर्मनीला जाणं सध्या जमणार नाही.

बाप्तिस्म्याला साक्षी राहिलेले लोक आणि शपथेच्या यादीत पूर्वजाच्या आगेमागे सही केलेले सहप्रवासी, यांपैकी कोणाचा माग आधी काढावा? आणि देश सोडताना भूदासांना (जमीनदाराशी बांधलेल्या शेतकऱ्यांना) जो मुक्ती-कर भरावा लागे, त्याच्या नोंदी नावावरून घरबसल्या शोधता येतात का?