मदत हवी आहे: पावसाळ्यात पिल्लं पूर्ण तयार होऊन अंड्यातच मरतायत

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ आमचं गाव. घरच्या गावरान कोंबड्यांची अंडी थर्माकोलच्या पेटीत उबवतो. बल्ब, छोटा पंखा, थर्मोस्टॅट आणि तळाला पाण्याची वाटी, असा जुगाड आहे. तापमान ३७.५ ते ३७.८ मध्ये टिकतं, दुसऱ्या थर्मामीटरने ताडून बघितलंय. १८व्या दिवसापर्यंत अंडी फिरवतो, मग हात लावत नाही.

उन्हाळ्यात झकास पिल्लं निघाली. पाऊस लागल्यापासून मात्र बिनसलंय. अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं की पाचव्या-सहाव्या दिवशी लाल शिरांचं जाळं आणि डोळ्याचा काळा ठिपका स्वच्छ दिसतो. चौदाव्या दिवशी आत हालचालही असते. पण २१वा दिवस उलटला तरी निम्म्या अंड्यांवर चोच मारल्याची खूण नाही. फोडावं तर आत पिसांसकट मेलेलं पिल्लू, अंगाला चिकट पाणी आणि बलकाची पिशवी अर्धी पोटाबाहेर. आर्द्रता ७० च्या आसपास दाखवतं. गारठ्यामुळे पेटीची निम्मी भोकं बुजवलीत.

शेजारी म्हणतात अंडी वांझ आहेत. वांझ असती तर पिल्लू धरलं असतं का? नक्की कुठे अडतंय? सध्याच्या लॉटचा दहावा दिवस चालू आहे.

खुराडेवाला:
दादा, अंडी चांगलीच आहेत. पाण्याची वाटी बाहेर काढा, आजच.

१८ दिवसांत अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून वजन साधारण ११ ते १३ टक्के घटायला हवं. ४२ ग्रॅमचं अंडं ३७ ग्रॅमच्या आसपास यावं. जेवढं पाणी उडेल तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि शेवटी पिल्लाचा जीव त्या पोकळीवरच असतो. तोवर त्याला फुप्फुसं लागतच नाहीत. कवचाला आतून चिकटलेल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या छिद्रांतून प्राणवायू घेतात. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू चोच पोकळीत खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. त्याच सुमारास उरलेला बलक पोटात ओढला जातो. पोकळी लहान आणि भोवती पाणी साचलेलं असेल तर पहिल्याच श्वासाला गुदमरतं. तुम्ही अंडी फोडून जे पाहिलंत ते बरंचसं हेच.

आता पावसाचा हिशोब. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा पेटीत ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर येते. पहिल्या १८ दिवसांना ५० ते ५५ लागते, म्हणजे कोकणातला पाऊस ते काम फुकटात करतोय. वर वाटी ठेवली की ७० होणारच. वाटी ठेवा म्हणून सांगणारे व्हिडिओ कोरड्या हवेत राहणाऱ्यांचे असतात, आपण डोळे झाकून पाळतो.

भोकंही उघडा. पिल्लू मोठं होईल तशी त्याची प्राणवायूची भूक वाढते. गारठा थर्मोस्टॅट सांभाळेल.

धागाकर्ता:
वाटी काढली, आर्द्रता ५२ वर आली. धन्यवाद! पण या लॉटचं सुरुवातीचं वजन केलेलं नाही. आता कसं कळणार?

खुराडेवाला:
टॉर्च लावून पोकळीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा मारा. रेघ खाली सरकत गेली पाहिजे. १८व्या दिवशी पोकळीने अंड्याचा पाव ते तिसरा हिस्सा व्यापलेला असावा, बाकी सगळं काळं. पुढच्या लॉटला मात्र पूर्ण ट्रेच काट्यावर ठेवा, एकेक अंडं तोलत बसू नका.

माळावरची ताई:
एक राहिलं. १८व्या दिवसानंतर वाटी परत ठेवायची, तेव्हा ६५ ते ७० लागते, नाहीतर टोचा (पिल्लाने चोचीने कवचाला पाडलेलं पहिलं भोक) पडल्यावर पडदा सुकून पिल्लाला घट्ट आवळतो. आणि त्या तीन दिवसांत झाकण उघडायचा मोह आवरा.

टोचा पडला की बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात. दया येऊन कवच सोलू नका, पडद्यातल्या शिरांत रक्त खेळत असतं, हमखास वाहतं. बाहेर आलेलं पिल्लू उपाशी आहे म्हणून घाईने काढायचीही गरज नाही, पोटातल्या बलकावर दोन दिवस निभतं.

धागाकर्ता:
ताई, आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. ऐन शेवटच्या दिवसांत गेली तर?

माळावरची ताई:
पेटी उघडायची नाही, वरून गोधडी घालायची, पण भोकं मोकळी ठेवून. शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतःच बऱ्यापैकी ऊब तयार करतात, दोन-तीन तास सहसा निभावून नेतात. फार तर एखादा दिवस उशिरा निघतील, म्हणून २१व्या दिवशीच अंडी फेकू नका. जास्त वेळ लाईट जात असेल तर खुडूक (अंड्यांवर बसायला आलेली) कोंबडी तयार ठेवा, रात्री अंधारात अंडी तिच्याखाली सरकवली तर बहुतेक जणी कुरकुर करत नाहीत.