प्रति: अंदमानात कमी खर्चात स्नॉर्कलिंग
सांगलीहून अंदमानला जाताना पैसे वाचवायला स्नॉर्कलिंगच (डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) गाळायचं म्हणताय, तसं अजिबात करू नका! हॅवलॉक-नील बेटांवर खासगी क्रूझऐवजी सरकारी बोटीने जा, तिकिटात बराच फरक पडतो. नीलच्या भरतपूर बीचवर प्रवाळ किनाऱ्यालगतच आहेत.

मास्क मात्र स्वतःचा न्या. दुकानातच पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तो तुमच्या मापाचा. मिशीपाशी फट राहून पाणी शिरतं, तेही बघा. नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा सराव इथे सांगलीतच करा, पण कृष्णेत नको, मगरी आहेत, पोहण्याच्या टँकवर जा. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, कळकळीने सांगतोय. ते जिवंत प्राणी आहेत, गोलसर जातीचे तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात.