तमाशाची जुनी हँडबिले : साल कसे ठरवावे आणि जतन कसे करावे?

प्रश्न : तासगावकर

सप्रेम नमस्कार. माझे वडील आमच्या गावच्या यात्रा समितीचे हिशेब बरीच वर्षे पाहत असत. ते गेल्यानंतर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तमाशाच्या फडांची सत्तरएक हँडबिले निघाली. गुलाबी, पिवळ्या आणि हिरव्या पातळ कागदावर एकाच बाजूने छापलेल्या या पत्रकांवर फडाचे नाव, वगाचे नाव, ‘रात्रौ ठीक १० वाजता’, तिकिटाचे दर, तिथी-वार-तारीख आणि तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव आहे. साल मात्र जवळजवळ कुठेच नाही. काही पत्रके कवलापूरच्या काळू-बाळू यांच्या फडाची आहेत. अनेकांच्या पाठीमागे वडिलांच्या हातचे पेन्सिलीचे हिशेब आहेत : ‘सुपारी दिली’, ‘बत्तीभाडे’, ‘बाकी येणे’.

यांतील दोन पत्रके मी एका दुकानात लॅमिनेट करून घेतली आणि घडीवरचा कागद आत कायमचा चुरगळला, याची मनाला टोचणी आहे. साल कसे काढावे, उरलेली पत्रके कशी टिकवावीत आणि पाठीमागची पेन्सिल खोडून पत्रके स्वच्छ करावीत का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुळारी, सातारा

मी साताऱ्यात एका छापखान्यात तीस वर्षे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवले आहेत, म्हणून सालाबद्दल लिहितो. प्रथम पत्ता वाचावा. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले, त्यामुळे ‘जि. दक्षिण सातारा’ असे छापलेले पत्रक याच अकरा-बारा वर्षांतले धरावे. (जुना मजकूर पुढेही तसाच जुळवला गेल्याचे मी पाहिले आहे, तेव्हा एक-दोन वर्षांची सूट ठेवावी.) त्यानंतर दर पाहावेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि १ जून १९६४ पासून ‘नवा पैसा’ नुसता ‘पैसा’ झाला. बोलण्यात चार आणे, आठ आणे पुढेही चालू राहिले, म्हणून ‘आणे’ छापलेले पत्रक १९५७ च्या आधीचेच असेल असे म्हणता येत नाही. ‘नवे पैसे’ छापलेले पत्रक मात्र त्यापूर्वीचे असूच शकत नाही. एकाच पत्रकावर ‘दक्षिण सातारा’ आणि ‘नवे पैसे’ असतील, तर काळ साडेतीन-चार वर्षांवर येतो.

नेमके साल जुन्या पंचांगातून मिळेल. तारीख आणि वार यांची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येते, तर तारीख आणि तिथी यांचा मेळ साधारण एकोणीस वर्षांनी बसतो. तिन्ही जुळवल्यास बहुधा एकच साल शिल्लक राहते. छापखान्याचे नावही प्रत्येक वेळी टिपून ठेवा. यात्रेच्या दिवसांत आम्ही ट्रेडलवर (छोट्या छपाईयंत्रावर) रात्रभर हँडबिले काढत असू, फडाच्या नावाला लाकडी टाईप वापरत असू, आणि त्यातल्या एखाद्या अक्षराचा कोपरा उडालेला असला की तो प्रत्येक छापात दिसे. तशा तुटक्या अक्षरावरून दोन पत्रके एकाच छापखान्यातली आहेत हे खात्रीने सांगता येते.

उत्तर : कृष्णाकाठ, मिरज

पेन्सिलीला रबर लावू नका, ही हात जोडून विनंती आहे. फडाला सुपारी किती दिली, बत्तीला किती गेले, बाकी कोणाकडे राहिली, हे आपल्या वडिलांनी लिहिले नसते तर आज ते कोठेही सापडले नसते. छापलेल्या बाजूच्या प्रती इतर कोणाच्या पेटीत निघू शकतील, पाठीमागची बाजू मात्र फक्त आपल्याकडे आहे. म्हणून दोन्ही बाजू स्कॅन करा.

हा कागद हलक्या प्रतीच्या लाकडी लगद्याचा असल्याने उन्हात आणि दमट हवेत पिवळा पडून ठिसूळ होतो. लॅमिनेशन किंवा सेलोटेप यापुढे नको. आम्लरहित कागदाच्या घडीत किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात एकेक पत्रक सपाट ठेवा. बाजारातली पीव्हीसीची पाकिटे टाळा. गुलाबी आणि हिरवा रंग पाण्याने पसरतो, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसू नये.

पेटी वरच्या मजल्यावरच राहू द्या. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या कपाटातला एक गठ्ठा भिजला. मी घाईने पाने सुटी करायला गेलो आणि ती फाटली. भिजलेला गठ्ठा दोन दिवसांत वाळवणे शक्य नसेल तर पिशवीत घालून गोठवावा आणि पुढे सावकाश सोडवावा, हे मला उशिरा कळले.

तासगावकर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळी पत्रके पुन्हा पाहिली. एका पिवळ्या पत्रकावर ‘जि. दक्षिण सातारा’ आणि ‘जमिनीवर २५ नवे पैसे’ हे दोन्ही छापलेले आहे, आणि पाठीमागे वडिलांनी ‘पाऊस, खेळ अर्धा, पैसे पुरे दिले’ असे लिहिले आहे. पंचांग मिळाले की तिथी जुळवून साल येथे कळवतो.