'जहाज आली' की 'जहाज आलं'?

निपाणीजवळून प्रश्न

माझी मुलगी आठवीत आहे. इंग्रजी उताऱ्यात जहाजासाठी 'शी' आलं होतं. तिनं मराठी करताना लिहिलं, 'जहाज बंदरात आली आणि ती दोन दिवस थांबली.' बाईंनी 'आली'खाली लाल रेघ मारली. घरी येऊन म्हणते, 'पुस्तकात जहाज बाई आहे, मग मी चुकलो कुठं?' इंग्रजीत जहाजाला 'ती' का म्हणतात आणि आपण काय लिहायचं, कुणीतरी नीट सांगा.

चिक्कोडीहून उत्तर

अक्का, बाईंची रेघ बरोबर आहे आणि लेकीचा प्रश्नही रास्त आहे.

मराठीत जहाज नपुंसकलिंगी, गलबत आणि तारूही तसंच. होडी, नाव, नौका, बोट स्त्रीलिंगी. मचवा आणि तराफा पुल्लिंगी. यात बाईपणा किंवा पुरुषपणा शोधू नये, ही शब्दांची लिंगं आहेत. त्यांचा उपयोगही होतो. 'ती बोट' पाण्यात चालते, 'ते बोट' हाताला असतं. 'ती नाव'चं अनेकवचन नावा, 'ते नाव'चं नावं.

जहाजाला विशेषनाम मिळालं की मजा येते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडं निघालेली रामदास बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. नाव समर्थांचं, तरी क्रियापद 'बुडाली', कारण मनात 'बोट' आहे. २ सप्टेंबर २०२२ ला नवी विक्रांत नौदलात 'दाखल झाली', कारण मनात 'युद्धनौका' आहे. आपलंच बघा की, बेळगाव स्टेशनात विचारतो, 'गोवा गेली काय हो?' गोवा पुल्लिंगी, पण आपण गाडीबद्दल विचारतोय.

इंग्रजीचं वेगळं आहे. जुन्या इंग्रजीत तिन्ही लिंगं होती आणि तेव्हा 'शिप' नपुंसकलिंगी होतं. पुढं नामांची लिंगं गळाली, निर्जीवाला 'इट' उरलं. तरी जहाजाला 'शी' म्हणू लागले. कुणी म्हणतं, लॅटिनमधला 'नाविस' स्त्रीलिंगी म्हणून. कुणी म्हणतं, जहाज आईसारखं पोटात घेऊन सांभाळतं म्हणून, किंवा जहाजांना देवींची नावं देत म्हणून. लॅटिनचं कारण मला पटत नाही. लॅटिनचीच लेक असलेल्या फ्रेंचमध्ये जहाजाचा नेहमीचा शब्द 'नावीर' पुल्लिंगी आहे. खलाशी महिनोन्‌महिने ज्या लाकडावर जगायचे त्याच्यावर त्यांचा जीव जडायचा, हे मला जास्त खरं वाटतं. आता ती रीत सुटत चालली आहे. 'लॉइड्स लिस्ट' या जहाजधंद्यातल्या जुन्या वृत्तपत्रानं २००२ मध्ये 'शी' सोडून 'इट' धरलं. ब्रिटिश नौदलानं मात्र 'शी' ठेवलं.

आता लेकीच्या 'चुकलो'कडं येतो. आमच्या गावाला दूधगंगेवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. आई बाजार करून पलीकडच्या काठावर उभी राहायची, डोक्यावर बुट्टी, आणि तिथनंच ओरडायची, 'थांब रे, नाव आली की येतो!' स्वतःला 'येतो' आणि नावेला 'आली'. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या अशाच बोलत आल्या. कन्नडमध्ये 'मी आले' आणि 'मी आलो' यांत फरकच नाही, दोन्हीला 'ना बंदे'. शेजारची कन्नड मावशी त्याच नावेला 'दोणि बंतु' म्हणायची. मुलगी आली तर 'बंदळु', पण होडी, म्हैस, पाऊस काहीही आलं तरी 'बंतु'. एकाच काठावर मी नावेला आईकडून 'आली' आणि मावशीकडून 'बंतु' ऐकत मोठा झालो. नाव तीच आणि अंबिग, म्हणजे नावाडीही तोच. आईच्या 'येतो'नं ती पुरुष झाली नाही, तशी 'आली'नं नाव बाई झाली नाही.

खानापूरहून भर

दादांचं पटलं, पण मराठीत मायेला जागाच नाही असं कुणी समजू नये. आपण कृष्णामाई म्हणतो, नदीची ओटी भरतो. ती माया 'माई' या शब्दात आहे, 'आली'मध्ये नाही, कारण गटारसुद्धा आपल्याकडं 'तुंबली'च म्हणतात. इंग्रजीत निर्जीवाला 'इट' ठरलेलं, म्हणून तिथं 'शी' म्हटलं की लगेच जीव दिसतो. मराठीत 'ती' म्हणून तेवढं उतरत नाही. उताऱ्यातला कप्तान जहाजावर जीव टाकत असेल, तर ते 'माझी लाडकी बोट' असं शब्दानंच सांगावं लागेल.

निपाणीजवळून

लेकीला दोन्ही वाचून दाखवलं. तिनं विचारलं, '२०१९ च्या पुरात काकांना काहिलीत बसवून आणलं, ती काहील का?'

चिक्कोडीहून

ती काहील. गुळाला चुलाणावर चढवली तरी ती, पुरात माणसं बसवली तरी तीच. उताऱ्यात जहाज ठेवायचं असेल तर 'जहाज आलं, ते थांबलं' लिहू दे. 'आली, ती' आवडत असेल तर सुरुवातीलाच 'नौका' लिहू दे.