ग्रीनलंडच्या हिमाखाली पाणी न गोठता राहतं कसं?

गोदाकाठचा: गंगापूर धरणाचा साठा बघायला मोबाईल घेतला आणि वाचत वाचत थेट ग्रीनलंडला पोचलो. तिथं आग्नेय भागात म्हणे हिमाच्या थराखाली पाणी साठलेलंय, तेही बारा महिने पातळ. बाहेर उणे वीस असताना? इथं निफाडला पारा घसरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि तिकडं पाणी आरामात बसलंय? खारं असतं का ते? आणि आहे किती? टीएमसीत सांगा, घन किलोमीटर डोक्यात शिरत नाही.

लादीवाला: खारं अजिबात नाही, वितळलेल्या हिमाचंच पाणी. आणि खालून जमिनीची ऊब मिळते असंही नाही, तो प्रकार अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक सरोवराचा, ते जवळपास ४ किलोमीटर बर्फाखाली आहे. हे पाणी पृष्ठभागापासून साधारण ५ ते ५० मीटरवर आहे, फिर्नमध्ये. फिर्न म्हणजे मागच्या वर्षांचं दबलेलं हिम, अजून घट्ट बर्फ झालेलं नाही, दाण्यांमध्ये पोकळी आहे आणि त्या पोकळीत पाणी मुरतं. आता न गोठण्याचं. १ ग्रॅम पाणी गोठलं की साधारण ८० कॅलरी बाहेर पडतात आणि तेवढ्यात १६० ग्रॅम फिर्न १ अंशाने गरम होतं, म्हणजे उन्हाळ्यात आधी मुरलेलं पाणी स्वतः गोठून आजूबाजूचं सगळं शून्यावर आणून ठेवतं, मागून येणाऱ्याला गोठायला थंडीच उरत नाही. मग हिवाळ्यात वरून हिम पडतं, त्या भागात भरपूर पडतं, आणि तेच पांघरूण होतं. आमच्या बर्फाच्या कारखान्यात लादीवर भुसा टाकतात ना, बाहेरची उष्णता आत जाऊ नये म्हणून, तिथं फक्त उलटं, बाहेरची थंडी आत जात नाही. जिथं हिम कमी पडतं तिथं हे जमत नाही, सगळं गोठून जातं.

निफाडकर: सापडलं कसं तेही भारी आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातलं वितळणं सुरू व्हायच्या आधी, युटा विद्यापीठाचे रिक फॉर्स्टर वगैरे लोक तिथं हिमाचे नमुने काढत होते आणि कोरडा बर्फ वर यायच्या ऐवजी ड्रिलमधून पाणी गळायला लागलं 😄 मग विमानातल्या रडारने बघितलं तर साधारण ७० हजार चौरस किमी, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या साडेचार पट. आणि २०१४ चा अंदाज होता १४० गिगाटन, म्हणजे १४० घन किमी, म्हणजे झाले ४९०० टीएमसीच्या आसपास. अख्खं जायकवाडी १०२ चं. बसा आता नाशिक-मराठवाडा समन्यायी वाटपाला.

गोदाकाठचा: 😂😂 नको रे बाबा, एका धरणाचं भांडण मिटेना. पण मग हे चांगलंच झालं ना, तेवढं पाणी समुद्रात जायचं थांबलं?

लादीवाला: थांबलं असं नाही, रेंगाळलं म्हणा. सगळं एकदम समुद्रात गेलं तरी पातळी ०.४ मिमीनेच वाढेल, तो आकडा काही घाबरवणारा नाही. मला जास्त काळजी वाटते ते पाणी जातं कुठं त्याची. ते हळूहळू उताराने कडेकडे सरकतं आणि हिमनदीच्या भेगांत उतरतं, तिथल्याच हेलहाइम हिमनदीजवळ हे बघितलंय. पाणी बर्फापेक्षा जड, त्यामुळे भेग भरलेली राहिली की पाण्याच्या दाबाने ती खाली खाली फाटत तळापर्यंत जाऊ शकते, आणि तळाशी पाणी पोचलं की त्याच्या दाबाने बर्फ सरकायला सोपं जातं.

सातपूरवाला: आपल्या हिमालयात २०२१ ला चमोलीला पूर आला तेव्हा हेच झालं ना? आतलं पाणी फुटलं?

निफाडकर: नाही भाऊ, तेव्हा पहिल्या दिवशी टीव्हीवर सरोवर फुटलं असंच चालू होतं, पण रोंटी शिखरावरचा खडक आणि बर्फाचा कडाच कोसळला होता. केदारनाथ २०१३ ला चोराबारीचं तळं फुटलं, ते उघडं तळं, डोळ्यांना दिसणारं. आत लपलेल्या पाण्याचं उदाहरण हवं तर फ्रान्समधली तेत रूस हिमनदी, माँ ब्लां डोंगरावरची. १८९२ मध्ये तिच्या पोटातलं पाणी रात्री फुटलं आणि खालच्या सेंट जर्व्हे भागात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. २०१० मध्ये तिथंच परत पाणी साठलेलं सापडलं, मग त्यांनी वरून भोकं पाडून पंप लावले आणि उपसून काढलं. आहे लहानशी हिमनदी, पण खाली वस्ती आहे म्हणून सारखं लक्ष ठेवावं लागतं. ग्रीनलंडच्या त्या कोपऱ्यात वस्ती अगदी विरळ आहे.