विणलेलं, गुंफलेलं की गाठवलेलं?

कोरांटी
महाविद्यालयातल्या वस्त्रकलेच्या प्रदर्शनासाठी मराठी पाट्या लिहिते आहे. इंग्रजी मजकुरात 'वोव्हन', 'नॉटेड', 'फेल्टेड', 'स्टिच्ड' असे शब्द पानोपानी आहेत. मराठी मसुद्यात मात्र त्यातल्या निम्म्यांच्या जागी 'विणलेले' आलं आहे, आणि ते खटकतंय. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी आणि मागावर काम करणाऱ्या कलाकार मोनिका कोरिया यांच्यावर एकेक माहितीफलक आहे, बाकीचं काम विद्यार्थ्यांचं. शिवाय 'फायबर आर्ट'ला 'तंतुकला' म्हटलं तर चालेल का?

आडवातिडवा
खटकणारच, पण दोष तुमचा नाही. 'विणणे' हे क्रियापद मुळातच ऐसपैस आहे. आपण खाट विणतो, टोपली विणतो, कोळी जाळं विणतो, कोष्टी लुगडं विणतो आणि आत्या स्वेटर विणते. बोलताना काहीच अडत नाही. पण कलाकृतीच्या पाटीवर हात नेमका काय करतो ते कळायला हवं. मुखर्जींच्या (1949–2015) कामात हातमागच नाही. मुंबईत जन्म, बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिक्षण. रंगवलेल्या वाखाच्या दोऱ्या घ्यायच्या आणि गाठीवर गाठ मारत माणसापेक्षा उंच आकृती उभ्या करायच्या, असं ते काम. 2019 साली न्यूयॉर्कमध्ये मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. त्या शिल्पांना 'विणलेलं' म्हणणं म्हणजे भिंत 'शिवली' म्हणण्यासारखं आहे.

सुतळीबॉम्ब
मग 'गुंफलेलं' लिहा की. सुटसुटीत आहे.

आडवातिडवा
गुंफण म्हटलं की डोळ्यापुढे वेणी आणि हार येतात. त्यात एक पेड दुसऱ्यातून जातो, पण गाठ बसेलच असं नाही. इथे तर सगळा भार गाठीवरच आहे.

पेठेतली
आपल्याकडे शब्द आहे: गाठवणे. मंगळसूत्र आपण 'गाठवून' घेतो, 'विणून' घेत नाही. पटवेकऱ्याच्या दुकानात कधी दहा मिनिटं थांबून बघा. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताण धरलेला असतो, दोन्ही हात मोकळे, आणि दोन मण्यांमध्ये गाठ अशी बसते की सूत तुटलं तरी सगळे मणी घरंगळत नाहीत. मुखर्जींच्या कामाला हेच क्रियापद लागतं. 'दोरी गाठवून केलेले शिल्प' लिहा.

सुतळीबॉम्ब
कबूल, पण 'गाठलेलं' लिहू नका हं. शिल्पाला कोणीतरी बोळात गाठलं असं वाटेल.

कोरांटी
:-) 'गाठवून' घेतलं. कोरियांच्या फलकावर 'विणलेले' ठेवू ना?

धोटा
ठेवा, तिथे तोच शब्द बरोबर आहे. मात्र एक तपशील गाळू नका. मागावर फणी दोन कामं करते: ताण्याचे उभे धागे ठरावीक अंतरावर धरून ठेवते आणि प्रत्येक बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून बसवते. कोरिया विणता विणता ही फणीच काढून टाकतात. मग ताण्याच्या धाग्यांना शिस्त लावणारं कोणी उरत नाही. ते कुठे एकमेकांना चिकटतात, कुठे वाकडे जातात, कुठे नदीसारखे फाटे फोडतात. माग तोच, ताणा-बाणा तोच. म्हणून पाटीवर 'फणी काढून विणलेले' असे तीन शब्द आले तर जाणकार तिथेच थबकेल. पुस्तकी 'विरल वीण' वगैरे नको.

कोरांटी
आणि टॅपेस्ट्री, म्हणजे विणतानाच चित्र उमटवलेलं कापड? विश्वकोशात 'चित्रजवनिका' दिसतं.

धोटा
शब्द देखणा, पण जवनिका म्हणजे पडदा. भिंतभर टांगलेल्या युरोपीय कामाला शोभतो, हातभर तुकड्याला जड होतो. तंत्रच सांगायचं असेल तर पैठणीच्या पदराकडे बोट दाखवा. तिथे बाण्याचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, ती आपल्या आकारापुरती जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकते आणि मागे फिरते. म्हणून मोर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. येवल्याच्या कारागिराला 'टॅपेस्ट्री' शब्द माहीत नसेल, पण तो दिवसभर करतो तेच. 'पैठणीच्या पदरासारखी वीण' असं लिहिलंत तर पाहुण्यांना लगेच कळेल.

मेंढवाडा
'फेल्टेड'ला कृपा करून 'घोंगडीसारखे' लिहू नका. घोंगडी विणतात, दख्खनी मेंढीची लोकर कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून. फेल्टमध्ये सूतच नसतं. ओली लोकर दाबून, चोळून, लाटून केसांचे खवले एकमेकांत अडकवायचे, एवढंच. जुना शब्द 'बुरणूस' आहे, पण आता तो समजणारे थोडे. 'लाटलेली लोकर' लिहा.

पेठेतली
'स्टिच्ड'चंही एकच भाषांतर करू नका. गोधडीवरचा धावदोरा, कापडावरचा कशिदा, विटलेल्या शालीवरचं रफू हे तिन्ही सुईचेच, पण हेतू वेगळा. गोधडीचा टाका जुनी लुगडी एकत्र धरतो. कशिदा दिसावा म्हणून असतो. रफूची शर्थ दिसू नये यात असते. कलाकार प्रिया रवीश मेहरा यांनी उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादच्या रफूगरांच्या या न दिसणाऱ्या कामावरच आपली कला उभी केली. त्यांच्या कामाला 'भरतकाम' म्हटलं तर सगळंच उलटं होईल.

कोरांटी
राहिली 'तंतुकला'.

सुतळीबॉम्ब
तंतू म्हटलं की मला शाळेतला जीवशास्त्राचा तास आठवतो. 'वाखकला' कसं वाटतं?

मेंढवाडा
वाख अंबाडीचा, घायपाताचा. लोकर आणि रेशीम त्यात कुठे बसवाल?

आडवातिडवा
मी 'धागाकला' म्हणेन. लाटलेल्या लोकरीत धागा नसतो हे मान्य, पण एका अपवादासाठी सगळं प्रदर्शन प्रयोगशाळेत का न्यायचं?

मेंढवाडा
तो अपवाद आमच्या गावाकडचा आहे म्हणून बोलतो. माझं मत 'तंतुकला'लाच.

कोरांटी
मुख्य फलकावर 'तंतुकला', खालच्या ओळीत 'धागा, दोरी, लोकर आणि कापड यांतून साकारलेली कामे'. फलक परवा छपाईला जातोय. क्रोशाच्या दोन कामांना काय लिहू?

पेठेतली
क्रोशाच.