गाडी ‘मिसिंग’ करतेय : दुखणं कसं सापडलं, ते सांगा

आमची २००४ सालची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, एक लाख तीस हजार किलोमीटर धावलेली. सिग्नलला उभी राहिली की ‘मिसिंग’ करायची, म्हणजे मधेच एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकायचा आणि गाडी अंग झाडायची. गिअरचा दांडा थरथरायचा, डॅशबोर्डवरचा गणपती डोलायचा, आरपीएमचा काटा ७०० ते १००० मध्ये झोके घ्यायचा. रेस दिली की मात्र लोण्यासारखी! आधी प्लग बदलले, मग पेट्रोल फिल्टर, मग थ्रॉटल बॉडी साफ झाली. साडेसहा हजार गेले, गणपती डोलतोच आहे.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने चालू इंजिनावर कार्ब क्लीनरचे छोटे छोटे फवारे मारले. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना) जोडलेल्या एका रबरी नळीपाशी फवारा गेला आणि आवाज एकदम बदलला. नळी वळते तिथे खालच्या अंगाला चीर होती, वरून दिसतच नव्हती. तिथून इंजिन फुकटची हवा घेत होतं. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मुळात हवा कमी लागते, म्हणून तेवढी गळतीही जाणवते. रेस दिली की ती झाकली जाते. नळीचे दीडशे रुपये झाले. (हा फवारा पेट घेतो. तापलेल्या एक्झॉस्टकडे मारू नका.)

तर मंडळी, काय बदललं त्याची यादी नको. नेमकं सापडलं कसं, ते लिहा.

चिपळूणहून : आमची फक्त पावसाळ्यात मिसिंग करायची. गॅरेजला नेईपर्यंत इंजिन तापून सगळं वाळायचं, की गाडी ठणठणीत. आम्हीच खोटे पडायचो. एका रात्री अंगणातला दिवा घालवला, बोनेट उघडून गाडी चालू केली आणि इस्त्रीच्या बाटलीने प्लगच्या केबलींवर पाण्याचा हलका फवारा मारला. दोन नंबरच्या केबलीतून हेडवर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावर, निळ्या ठिणग्या टिक टिक उडताना दिसल्या. अख्खा केबल सेट बदलला. हात मात्र लांब ठेवा, झटका सणसणीत असतो.

पुण्याहून : माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) आहे. स्कॅनर लावला तर कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग. गॅरेजवाला चारही कॉइल बदलायला निघाला होता. मी म्हटलं, थांबा, तिसरीची कॉइल पहिलीवर लावून बघू. कोड पुसला, एक चक्कर मारली, आता पी०३०१. दुखणं कॉइलीबरोबर सरकलं, म्हणजे कॉइलच. एकच घेतली.

माझी चूक वेगळी होती. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना मी तशीच कोल्हापूरपर्यंत गेले. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं, तो तापून निकामी होतो. कॉइलच्या कितीतरी पट पैसे तिथे गेले. दिवा नुसता लागला तर गॅरेज गाठा. लुकलुकला तर बाजूला घ्या.

कोल्हापूरहून : ताई, आमच्या वेळी स्कॅनर म्हणजे कान. प्रीमियर पद्मिनी गाडी होती. मिस्त्री एकेका प्लगची केबल काढायचा. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा. काही फरकच नाही पडला तर तोच आळशी. मग डेल्को, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा डबा; त्याचं झाकण, सीबी पॉइंट, कंडेन्सर असं बघत जायचं. अजून एक करायचा : सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरायचा. एकसारखा बाहेर फडफडला तर बरं. मधेच आत ओढला गेला तर व्हॉल्व जळाल्याचा संशय.

आताच्या गाडीत केबल उपटू नका, कॉइल नि मोड्यूल जाऊ शकतं. इंजेक्टरचं (सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या नळीचं) सॉकेट काढून तीच परीक्षा होते.

ठाण्याहून : काकांचा आळशी सिलिंडर आमच्याकडे दोन नंबरचा निघाला. गाडी सीएनजीवर, प्लग-कॉइल नवे, तरी तापली की लंगडी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं : तिघांत १२ बारच्या आसपास, दुसऱ्यात ७. त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. वाढला नाही, म्हणून टॅपेट कव्हर उघडलं. एक्झॉस्टच्या टॅपेटला (व्हॉल्व दाबून उघडणाऱ्या भागाला) गॅपच उरला नव्हता, व्हॉल्व पूर्ण बसतच नव्हता. गॅसवर व्हॉल्वची बैठक (सीट) लवकर झिजते. नशिबाने व्हॉल्व जळला नव्हता, नुसत्या सेटिंगवर भागलं. आता दर वर्षी टॅपेट बघून घेतो.

मडगावहून : आमची मिसिंग नव्हतीच. इंजिनचं माउंटिंग, म्हणजे त्याखालचा रबरी आधार, दबून गेलं होतं. सायलेन्सरजवळ उभं राहून ऐकलं तर ठेका एकदाही चुकत नव्हता, हादरे फक्त आत. हे ऐकायच्या आधी चार प्लग घेऊन झाले होते. डिकीत पडलेत, कुणाला हवेत का?